पडद्यावरचा प्रभू आणि समोर बसलेले आपण

बाई, एक विचारू? – वाचकांची पत्रं आणि उत्तरं

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, जवळ आला की या सदराकडे सिनेमाबद्दलची पत्रं येऊ लागतात. कुठे तरुण संघ पडदा लावणार असतो, कुठे नातवंडं मोबाइलवर येशूची मालिका बघत असतात, कुठे पाळकसाहेबांनी सिनेमावरून मंडळीचे कान उपटलेले असतात. या वेळी सगळी जागा त्याच पत्रांना दिली आहे. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रिय बाई, सप्रेम सलाम. आमच्या तरुण संघानं चर्चच्या हॉलमध्ये ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ दाखवायचं ठरवलंय. आठवी-नववीची मुलंही येतील. काही पालक म्हणतात, इतकं रक्त पोरांना दाखवू नका. संघाचे सल्लागार काका म्हणतात, प्रभूनं जे सोसलं ते तुम्हाला नुसतं बघायलाही जड जातं का? मी सेक्रेटरी, दोघांच्या मध्ये सापडले आहे. – एक वाचिका, पिंपरी

मुली, काकांचा प्रश्न मोठ्या माणसानं स्वतःला विचारायचा आहे, चौदा वर्षांच्या पोराला नाही. मेल गिब्सनचा हा चित्रपट 2004 साली राखेच्या बुधवारी प्रदर्शित झाला. अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या मुलांना पालक सोबत असल्याशिवाय आत सोडत नव्हते, आणि त्याच अमेरिकेत चर्चच्या चर्च तिकिटं काढून तो बघायला गेली. सुमारे 3 कोटी डॉलरमध्ये केलेल्या, अरामी, हिब्रू आणि लॅटिन बोलणाऱ्या या चित्रपटानं जगभरात 60 कोटींहून जास्त डॉलर मिळवले. माणसं रडली, कबुलीजबाबाला गेली, कुटुंबातली भांडणं मिटवून बसली. ही ताकद मी नाकारत नाही.

पण शास्त्र उघडून बघ. फटक्यांचा प्रसंग मार्कानं एका वाक्यात, तोही दुसरं काही सांगता सांगता, पुरा केला आहे. फटक्यांनी झालेल्या एकाही जखमेचं वर्णन चारांपैकी कुठल्याच शुभवर्तमानात नाही. चित्रपटात मात्र शिपाई लॅटिनमध्ये आकडे मोजत राहतात आणि आपल्याला तिथून हलू देत नाहीत. गिब्सननं असा बराच तपशील अ‍ॅन कॅथरिन एमरिक या जर्मन धर्मभगिनीच्या दर्शनांवरून घेतला आहे. ती 1824 साली वारली. शिक्षा सुनावणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताची बायको येशूच्या आईला, मरियेला, पांढरं कापड आणून देते आणि मरिया गुडघ्यांवर बसून फरशीवरचं रक्त टिपते, हा प्रसंग तिथूनच आला आहे. भक्तीचा म्हणून तो फार मोठा आहे, पण मुलांना तो ‘बायबलमध्ये असंच लिहिलंय’ म्हणून दाखवू नये.

या चित्रपटातलं मला सर्वांत खरं वाटलेलं दृश्य रक्ताचं नाहीच. येशू क्रूस घेऊन कोसळतो. गल्लीच्या तोंडाशी उभ्या मरियेला तो लहानपणी अंगणात पडला होता ते दिसतं, आणि तेव्हा धावली होती तशीच ती आताही धावते. लेकराला उचलायला धावलेल्या बाईला पुढं काय वाढून ठेवलंय याची पर्वा नसते. ही मरिया साकारणारी माया मॉर्गनस्टर्न रोमानियातली ज्यू अभिनेत्री आहे.

हे मुद्दाम सांगते, कारण या चित्रपटावर सगळ्यात मोठा आक्षेप ज्यू समाजाचाच होता. ‘त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो’ ही मत्तयाच्या शुभवर्तमानातली गर्दीची आरोळी चित्रपटात अरामीत आहे, फक्त तिचं भाषांतर पडद्यावरून काढलं आहे. या एका ओळीच्या आधारानं युरोपात शेकडो वर्षं ज्यूंना मारलं, गावाबाहेर घालवलं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965मध्ये स्पष्ट सांगितलं, की प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. हॉलमध्ये अलिबागकडचं एखादं मराठी बोलणारं बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचं ज्यू, कुटुंब शेजारी बसलं आहे असं धरून चल आणि प्रास्ताविकात काय बोलायचं ते ठरव.

माझा सल्ला असा. आठवी-नववीच्या मुलांना हा चित्रपट दाखवू नका. अठराच्या वरच्यांसाठी दाखवा, पण आदल्या रविवारी लूकाचा 22वा आणि 23वा अध्याय सगळ्यांनी मिळून वाचा, आणि चित्रपट संपल्यावर लगेच घरी सोडू नका. पाणी द्या, बसवा, बोलू द्या. ज्याला बोलायचं नाही त्याला गप्प राहू द्या. काकांनाच त्या चर्चेला पुढं बसव. त्यांच्या मनात प्रभूच्या दुःखाबद्दल जे आहे ते खरं आहे आणि पोरांनी ते त्यांच्या तोंडून ऐकावं.

बाई, सलाम. आमच्या लहानपणी गावात ‘दयासागर’ यायचा. मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात सगळं गाव बसायचं, कुणी जात विचारत नव्हतं. आता असे चित्रपट का निघत नाहीत? तुम्ही स्वतः त्या गाडीबरोबर फिरलात असं ऐकलं. – एक वाचक, नेवासा तालुका

हो दादा, फिरले. आमचे हे प्रोजेक्टर चालवायचे आणि रीळ बदलेपर्यंत माइकवर बोलायचं काम माझ्याकडे असायचं. शाळा सुटली की आम्ही जीपमध्ये बसायचो. मागे 16 मिलीमीटरचा प्रोजेक्टर, जनरेटर, दोन बांबू आणि गुंडाळलेला पांढरा पडदा. पडद्याच्या पुढं जागा उरली नाही की लोक मागच्या बाजूला बसायचे. त्यांना सगळं उलटं दिसायचं, येशू डाव्या हातानं आशीर्वाद द्यायचा, पण कुणाची तक्रार नसायची.

मूळ चित्रपट तेलुगू, ‘करुणामयुडु’, 1978 सालचा. तो हिंदीत ‘दयासागर’ झाला आणि आणखी कितीतरी भारतीय भाषांत गेला. दिग्दर्शक ए. भीमसिंग. तमिळ-हिंदीत कौटुंबिक चित्रपट करणारा नावाजलेला माणूस, दिलीपकुमारचा ‘गोपी’ त्याचाच. चित्रपट डिसेंबरमध्ये लागला, पण तो पाहायला भीमसिंग राहिले नाहीत, त्याच वर्षीच्या जानेवारीत ते गेले. ख्रिस्त झाला विजयचंदर. हाच विजयचंदर पुढं 1986 साली तेलुगू पडद्यावर शिर्डीचे साईबाबा झाला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं दैवत! आपल्या मंडळीत काहींना हे कळल्यावर धक्का बसला होता. मला नाही बसला. तो करुणा दाखवू शकणारा नट होता, म्हणून लोकांनी त्याला दोन्ही ठिकाणी मानलं.

हरेगावच्या बाजूला उसाच्या फडालगत कोप्यांवर दाखवलेला एक खेळ सांगते. दिवसभर तोडणी करून आलेली माणसं, बायकांच्या हातात अजून भाकरीचं पीठ. फटक्यांचा प्रसंग आला तसा मागून एका म्हातारीचा आवाज आला, ‘आरं सोडा की त्याला, काय केलंया त्यानं?’ ती पडद्यावरच्या शिपायांशी बोलत होती. पिलातानं हेच विचारलं होतं, ‘ह्यानं काय वाईट केलं आहे?’ शास्त्र कधी कानावर न पडलेली बाई शास्त्रातलंच वाक्य बोलून गेली. पुढं क्रूसावरचा प्रसंग संपला आणि जनरेटर बंद पडला. पुनरुत्थानाचं रीळ राहिलेलं. यांनी खटपट केली, यंत्र काही धरेना. लोक उठायला तयार नाहीत. मुकादम म्हणाला, बाई, मेला एवढं दिसलं, पुढं काय झालं? मग मी कंदील शेजारी ठेवून बागेतली सकाळ सांगितली, मरिया मग्दालियेला माळी वाटला तो कोण होता ते सांगितलं. म्हातारी पुढं येऊन बसली होती. तिनं विचारलं, ‘मग त्या शिपायांचं काय झालं?’ त्यावर आम्ही उशिरापर्यंत बोलत राहिलो.

आपल्या काही शहाण्या माणसांना तेव्हा या खेळांची काळजी वाटायची. लोक पडद्याला हात जोडतात, नारळ आणतात, येशूला तेहतीस कोटींत आणखी एक करून टाकतील, असं ते म्हणत. काळजी प्रामाणिक होती. पण हात जोडणाऱ्या माणसाला काय कळलं हे आपण पडद्यामागून ठरवू शकत नाही. त्यासाठी खाली त्याच्याशेजारी जाऊन बसावं लागतं.

आता का निघत नाहीत, तर गावचं पटांगण मोबाइलनं घरोघर वाटून घेतलं. शिवाय आज पडदा लावायचा म्हटलं की परवानगी लागते, आणि तुम्ही का आलात याची शंका आधी येते. ती शंका वाढवण्यात आपल्यातल्याही काहींचा हात आहे, जे खेळाच्या शेवटी ‘मी विश्वास ठेवला’ अशी कार्डं भरून घ्यायला आणि आकडे कळवायला उतावीळ असतात. गोष्ट सांगायला गेलो तर गोष्टच सांगावी.

बाई, आमच्या चर्चमध्ये ‘गॉड्स नॉट डेड’ दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साक्षी दिल्या. मला तो खोटा वाटला. मी तसं बोललो तर युवा-नेते म्हणाले, तुझ्या विश्वासात खोट आहे. मी इंजिनिअरिंगला आहे. खरंच माझ्यात काही कमी आहे का? – एक वाचक, नालासोपारा

नाही रे. तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं.

चित्रपट 2014चा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक पहिल्याच तासाला मुलांना ‘देव मेला आहे’ असं लिहून सही करायला सांगतो. एक मुलगा नकार देतो, वर्गासमोर वाद घालून जिंकतो. प्राध्यापकाची आई त्याच्या लहानपणी वारली म्हणून तो देवावर रागावलेला असतो. शेवटी पावसात गाडी त्याला उडवते आणि मरता मरता तो विश्वास ठेवतो. मधे एका मुस्लिम मुलीला तिचा बाप मारून घराबाहेर काढतो. अखेरीस प्रेक्षकांना सांगितलं जातं, की ओळखीच्या सगळ्यांना आत्ता मोबाइलवरून चित्रपटाचं नाव पाठवा. सुमारे 20 लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटानं 6 कोटींहून जास्त कमावले. समीक्षकांनी झोडपला आणि विश्वासू लोकांनी डोक्यावर घेतला.

का घेतला, हे मला समजतं. कॉलेजात ‘तुम्ही लोक’ म्हणून हिणवलं गेलेलं पोर पडद्यावर आपल्यासारख्याच पोराला जिंकताना बघतं, त्याला हुरूप येतो. त्या टाळ्या मी खोट्या म्हणणार नाही. पण चित्रपटाला एकही भला नास्तिक माणूस ठाऊक नाही, एकही मायाळू मुसलमान बाप ठाऊक नाही. आपल्याला तर ठाऊक आहेत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आपण पाहिले. त्यांच्या नास्तिकपणामागे देवावरचा रुसवा नव्हता, विचार होता, आणि त्या कामापायी 2013मध्ये पुण्यात त्यांचा खून झाला. अशा माणसासमोर त्या चित्रपटातला मुलगा काय बोलला असता? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा पटकथा लिहिणाऱ्यालाही लागू आहे.

आपल्या लोकांनी केलेला प्रत्येक चित्रपट असा असतो असं मात्र समजू नकोस. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या शेरवूड बॅप्टिस्ट चर्चनं 2008 साली ‘फायरप्रूफ’ केला. 5 लाख डॉलर खर्च, बरीच कामं मंडळीतल्याच माणसांनी फुकट केलेली, आणि मिळाले 3 कोटींच्या वर. लग्न मोडायला आलेला अग्निशमन दलातला माणूस, त्याला जडलेलं इंटरनेटवरच्या घाणीचं व्यसन, एके दिवशी अंगणात नेऊन बॅटनं फोडलेला कॉम्प्युटर. अभिनय कुठे कुठे शाळेच्या संमेलनासारखा होतो, संवाद प्रवचनात शिरतात. पण दुखणं खरं आहे. आपल्या किती घरांत ते आहे आणि कुणी त्याचं नावही घेत नाही! माझ्या ओळखीच्या एका नवऱ्यानं हा चित्रपट बघून बायकोपुढं सगळं कबूल केलं. तो संसार टिकला.

आणि तुझ्या नेत्याला विचार, त्यानं ‘सायलेन्स’ पाहिलाय का. शुसाकु एंडो या जपानी कॅथलिक लेखकाची 1966ची कादंबरी, त्यावर मार्टिन स्कॉर्सेसीनं 2016मध्ये केलेला चित्रपट. सतराव्या शतकातला जपान, ख्रिस्ती लोकांचा छळ, पकडलेला एक परदेशी फादर, धातूत कोरलेली ख्रिस्ताची प्रतिमा जमिनीवर ठेवलेली आणि अधिकारी सांगतो, तुडव. नाही तुडवली तर फादरांना नाही, खड्ड्यात उलट्या टांगलेल्या गावकऱ्यांना मरावं लागणार. फादरची भूमिका करणाऱ्या अँड्र्यू गारफिल्डनं त्याआधी एका जेझुइट फादरांकडून त्या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची आध्यात्मिक साधना करून घेतली. रोममध्ये शेकडो जेझुइटांना हा चित्रपट दाखवला गेला. थिएटरात मात्र पडला. विश्वासू प्रेक्षकांतही दोन तट झाले. विश्वास सोडणाऱ्याला हा चित्रपट मोठा करतो, असं काही जणांना वाटलं. मला तसं वाटत नाही, पण वाटणाऱ्याशी मी वाद घालत बसेन इतका तो चित्रपट मोलाचा आहे. तो बघून कुणी टाळी वाजवणार नाही. तुला तो खोटाही वाटणार नाही.

आमचे पाळकसाहेब सांगतात, सिनेमा हे जगाचं काम, ख्रिस्ती माणसानं थिएटरची पायरी चढू नये, मग चित्रपट प्रभूचा का असेना. – एक वाचिका, सोलापूर

पाळकसाहेबांच्या आधीही पुष्कळांनी हे म्हटलंय आणि त्यामागे मंडळीची काळजी आहे. त्यांना एवढं सांगा, की भारतातला सिनेमाच एका अर्थी प्रभूच्या चित्रपटातून सुरू झाला. 1910-11च्या सुमारास दादासाहेब फाळके गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघायला बसले. ख्रिस्त डोळ्यांपुढून जात असताना त्यांना मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, असं त्यांनीच पुढं लिहून ठेवलं. पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो नेऊन दाखवला. 1913मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो मूकपट बनवणाऱ्यांना गोदावरीकाठच्या या माणसाची कल्पनाही नसेल. आपल्या हातून गेलेली गोष्ट कुणाच्या अंगणात रुजेल ते आपल्या हाती नाही, आणि मला त्यात दुःख वाटत नाही, कृतज्ञता वाटते.

पोप अकरावे पायस यांनी 1936 साली सिनेमावरच एक परिपत्रक काढलं. त्यात धोके दाखवले, पण सिनेमाची भलं करण्याची ताकदही मानली. आणि आपल्या मराठीत तर हे फार जुनं आहे. पुराणांना मुकलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी फादर स्टीफन्सनी ओवीत पुराण रचलं, ते 1616 साली छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहिले, तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलं असेलच. पाळकसाहेबांना माझा सलाम सांगा, आणि एकदा त्यांच्या शेजारी बसून एखादा चित्रपट बघा.

बाई, माझी नात ‘द चोझन’ बघते. आता म्हणते, आजी, प्रार्थना करताना मला त्याच नटाचा चेहरा दिसतो. शिवाय त्यात शास्त्रात नसलेलं कितीतरी आहे. तिला थांबवू का? – एक आजी, मिरज

थांबवू नका. तिच्यासोबत बसा.

2019पासून ही मालिका येते आहे. डॅलस जेन्किन्सनं ती कुठल्या मोठ्या कंपनीच्या पैशावर सुरू केली नाही. सोळा हजारांवर साध्या लोकांनी थोडे थोडे पैसे घातले, ते 1 कोटी डॉलरच्या वर गेले. येशू होणारा जोनाथन रूमी कॅथलिक आहे, दिग्दर्शक इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथातला. म्हणजे विश्वासू लोक इथं नुसते प्रेक्षक नाहीत, पैसा घालणारेही तेच आहेत. पहिल्या भागाआधीच पाटी येते, की काही प्रसंग आणि संवाद कल्पनेतले आहेत, शुभवर्तमानं वाचा. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. त्यातला येशूचा शिष्य मत्तय आकड्यांत रमणारा, माणसांच्या नजरेला नजर न देणारा, आजच्या भाषेत स्वमग्न मुलगा आहे. शास्त्रात हे नाही. पण अशी मुलं असलेल्या आयांनी तो मत्तय बघितला, त्यांना शास्त्रातल्या ‘माझ्यामागे ये’ या शब्दांत आपलं लेकरू दिसलं.

चेहऱ्याचं म्हणाल, तर 1959च्या ‘बेन-हर’मध्ये येशूचा चेहरा एकदाही दाखवला नाही. तो तहानलेल्या कैद्याला पाणी देतो, आपल्याला दिसते पाठ आणि रोमी अधिकाऱ्याच्या तोंडावर उमटलेला संकोच. तो मला सगळ्यांत योग्य मार्ग वाटतो. पण आजी, आपल्या पिढीच्याही डोळ्यांपुढं एक चेहरा होताच की, कॅलेंडरवरचा, निळ्या डोळ्यांचा. तोही कुणीतरी काढलेलाच. नातीला चार वेगवेगळ्या चित्रपटांतला येशू दाखवा, म्हणजे एकच चेहरा घट्ट बसणार नाही. 1979चा ‘जीझस’ मराठी आवाजात आहे. संवाद जवळजवळ सगळे लूकाचे, दोन हजारांहून जास्त भाषांत तो गेलाय. कलेच्या दृष्टीनं सपाट आहे हे मला मान्य आहे, पण उधळ्या पुत्राचा दाखला आपल्या भाषेत ऐकताना त्या सपाटपणाचं काही वाटत नाही.

आणि एक करा. मालिकेचा भाग संपला की तिला विचारा, यातलं शास्त्रात काय आहे आणि नाही काय? तिला शोधू द्या. तुम्ही चष्मा लावून शेजारी असा.

प्रभूची बदनामी करणारे चित्रपट आले की मोर्चे निघतात. आपण जावं का? – एक वाचक, वांद्रे

2006 साली ‘द दा विंची कोड’ आला तेव्हा मुंबईत निदर्शनं झाली. सेन्सॉर बोर्डानं ही कथा काल्पनिक असल्याची पाटी लावायला सांगून प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. काही राज्यांनी तरी बंदी घातली, पण आंध्र आणि मद्रासच्या उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यांतली बंदी उठवली. आज त्या चित्रपटानं कुणाचा विश्वास गेला असं माझ्या पाहण्यात नाही. ज्यानं तो बघून शंका विचारली त्याला उत्तर देणारं कुणी नव्हतं, असे मात्र मला भेटलेत.

1988मध्ये ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’वरून अमेरिकेत प्रचंड निदर्शनं झाली. बिल ब्राइट यांनी तर, पैसे घ्या आणि चित्रपटाच्या प्रती नष्ट करायला द्या, असं स्टुडिओला सांगितलं. वर सांगितलेल्या ‘जीझस’मागे उभे राहिलेले बिल ब्राइट ते हेच. पॅरिसमध्ये धर्माभिमान्यांनी थिएटरलाच आग लावली, आत बसलेली माणसं भाजली. दिग्दर्शक होता स्कॉर्सेसी, ज्यानं पुढं ‘सायलेन्स’ केला आणि त्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी त्याची भेट घेतली. माणसाला रागाच्या भरात कायमचं शत्रूच्या खात्यात टाकू नये. दुखावलं असेल तर पत्र लिहा, वर्तमानपत्रात लिहा, शांतपणे उभे राहा. दगड हातात घेतलेल्या गर्दीत तुम्ही दिसू नये.

आमच्या पॅरिश कौन्सिलनं वर्षभरात तीन चित्रपट दाखवायचं ठरवलंय. नावं सुचवा. – एक सभासद, वसई

पहिला, ‘द फेस ऑफ द फेसलेस’, 2023चा, हिंदी. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवायला धडपडत होत्या. 25 फेब्रुवारी 1995ला त्यांना भर बसमध्ये भोसकून मारलं. मारणाऱ्या समंदर सिंगला त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन राखी बांधली. 2017मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. दिग्दर्शक शायसन औसेफ, मुख्य भूमिकेत विन्सी अलोशियस. काही ठिकाणी चित्रपट घाई करतो, पण राखीचं ऐकून माणूस शांत बसूच शकत नाही.

दुसरा, ‘द लीस्ट ऑफ दीज’, 2019चा, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांच्यावरचा. 1999च्या जानेवारीत ओडिशात त्यांना दोन लहान मुलांसह गाडीत जाळलं. शर्मन जोशीनं साकारलेला पत्रकार संशय घेऊन त्यांच्यामागे लागतो, म्हणजे आपल्याकडे बाहेरून बघणाऱ्याची नजर त्यात आहे. ती आपल्या लोकांनी अनुभवायला हवी.

तिसरा ऐकून कौन्सिलमध्ये वाद होईल: पासोलिनीचा ‘मत्तयाचं शुभवर्तमान’, 1964, इटालियन, कृष्णधवल. पासोलिनी मार्क्सवादी आणि नास्तिक. आदल्याच वर्षी धर्माचा अवमान केल्याबद्दल इटलीच्या न्यायालयानं त्याला शिक्षा सुनावली होती. तरी 2014मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानं येशूवरचा सर्वांत चांगला चित्रपट म्हणून याचंच नाव घेतलं. येशू झालाय एक स्पॅनिश विद्यार्थी, क्रूसापाशी रडणारी वयस्क मरिया पासोलिनीची स्वतःची आई, आणि बाकी चेहरे दक्षिण इटलीतल्या शेतकऱ्यांचे, दात पडलेले, उन्हानं रापलेले. आपल्या वाडीत रोज दिसणारे. संवाद सगळे मत्तयातलेच. डोंगरावरचं प्रवचन इतक्या घाईनं, इतक्या निकडीनं बोललेलं तुम्ही ऐकलं नसेल.

घरच्या सबस्क्रिप्शनवर हॉलमध्ये जाहीर खेळ लावता येत नाही, वितरकाकडून परवानगी घ्या. पासोलिनीच्या चित्रपटाच्या वेळी माइकवर मत्तय मराठीतून वाचणारा चांगल्या आवाजाचा माणूस लागेल, त्याच्याकडून आधी दोनदा तालीम करून घ्या. वीस-तीस रुपये तिकीट ठेवा, त्यातून हॉलच्या स्पीकरची दुरुस्ती होईल. तिन्ही वेळी बाहेरच्या लोकांनाही बोलवा, आणि स्वागताला तरुणांना उभं करा.